मदत हवी आहे: हे ‘सर जमशेटजी जीजीभॉय’ नेमके कितवे?

मुंबईच्या एका जुन्या दस्तावर इंग्रजीत सही आहे: ‘जमशेटजी जीजीभॉय, बॅरोनेट’ (बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेनं चालणारा ब्रिटिश किताब). साल १८७७, दिवस-महिना वाळवीनं खाल्लाय. १८५७ चा किताब मिळालेले पहिले जमशेटजी १८५९ मध्येच वारले, म्हणजे ते नव्हेत. पण १८६० च्या कायद्यानं किताबाच्या प्रत्येक वारसाला स्वतःचं नाव सोडून हेच नाव घ्यावं लागे (वंशावळ काढणाऱ्याचा अंत पाहायचा!). दुसरे, मूळचे कर्सेटजी, नेमके १८७७ तच गेले. मग मुलगा माणेकजी ‘जमशेटजी’ झाला. बॅरोनेटांची यादी चाळली, पण तिथं नुसती सालं. दस्तात वय, वडिलांचं नाव काहीच नाही. मुंबईबाहेर जाणं जमणार नाही. ताडून पाहायला कर्सेटजींची किताबानंतरची सही मुंबईत कुठं बघायला मिळेल?