मोटरहोमच्या मागे गाडी लावायची आहे : पेट्रोल व्ही-१० घ्यावं की मागे इंजिन असलेलं डिझेल?

वाटसरू६६

नमस्कार मंडळी. येत्या मार्चमध्ये मी आणि बायको दोघंही निवृत्त होतोय. इलिनॉयमधल्या नेपरव्हिलचं घर मुलीच्या ताब्यात द्यायचं आणि वर्षभर अमेरिका हिंडायची, हे गेली दहा वर्षं ठरलेलं आहे. पहिला मोठा टप्पा कोलोरॅडो, मग युटा, मग यलोस्टोन. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. त्यामुळे मोटरहोम (राहायची सोय असलेली मोठी गाडी) एकदा कॅम्पग्राउंडवर लावलं की भाजी आणायला, डॉक्टरकडे जायला, चार ठिकाणं बघायला छोटी गाडी हवीच. ती चारही चाकं जमिनीवर ठेवून मागे ओढत न्यायची असा बेत आहे. आमच्याकडे २०१६ ची होंडा सीआर-व्ही आहे, ऑल-व्हील ड्राइव्ह, वजन साधारण ३,५०० पौंड.

दोन मोटरहोम बघून ठेवली आहेत. पहिलं २०१८ चं, ३३ फुटी. फोर्डचं एफ-५३ चेसिस (खालचा सांगाडा), पुढे ६.८ लिटरचं व्ही-१० पेट्रोल इंजिन. आतल्या पाटीवर त्याचं स्वतःचं कमाल वजन २२,००० पौंड लिहिलंय आणि मागच्या गाडीसकट कमाल २६,०००. मागची हिच, म्हणजे गाडी ओढायला जोडायचा हुक, ५,००० पौंडांची. दुसरं २०१४ चं, ३६ फुटी. फ्रेटलायनरचं चेसिस, मागे कमिन्सचं ६.७ लिटर, ३४० हॉर्सपॉवरचं डिझेल, अ‍ॅलिसनचा गियरबॉक्स, एअर ब्रेक. हिच इथेही ५,००० चीच, पण किंमत २५ हजार डॉलरनी जास्त.

विकणारा म्हणतो, "हिच ५,००० ची, तुमची गाडी ३,५०० ची, काळजी कसली?" मी तीस वर्षं इलिनॉयच्या सपाट रस्त्यांवर गाडी चालवली आहे, डोंगरात कधीच नाही. माझा धाकटा भाऊ साताऱ्याहून फोनवर एकच सांगतो, "दादा, ओढायचं असेल तर डिझेल." कुणी स्वतः गाडी ओढून रॉकीज पार केले असतील तर कृपया सविस्तर सांगा.

शुभदा_ऑरोरा

काका, इंजिनाचं जाणकार सांगतील, पण तुम्ही माझ्या शेजारच्याच गावचे म्हणून दोन गोष्टी. इलिनॉयमध्ये साधं डी वर्गाचं लायसन्स १६,००० पौंडांपर्यंतच चालतं. तुमची दोन्ही मोटरहोम त्याच्या वर आहेत, तेव्हा वरच्या वर्गाचं लायसन्स काढायला आत्तापासून लागा. आमच्या ह्यांनी ते शेवटच्या आठवड्यावर टाकलं आणि ठरलेली सहल पंधरा दिवस पुढे गेली.

दुसरं, टायर बघताना नक्षी बघू नका, वय बघा. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. ३२१६ असेल तर २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. मोटरहोम उभंच जास्त असतं, त्यामुळे टायर झिजत नाहीत, पण उन्हाने आतून वाळतात. सातएक वर्षांच्या पुढचे असतील तर नव्या टायरचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

आंबाघाट

दादा, नमस्कार. अकरा वर्षं मोटरहोम चालवतोय. त्यातली सहा वर्षं व्ही-१० होतं, आता डिझेल आहे. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आहे ती आधी थांबवतो.

२०१६ ची सीआर-व्ही मागे लावू नका. २०१५ पासून सीआर-व्हीला सीव्हीटी (ठरावीक पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) गियरबॉक्स आला आणि तेव्हापासून ती चारही चाकांवर ओढायला होंडाची परवानगी नाही. दोनशे मैलांत गियरबॉक्स जाईल. पुढची चाकं डॉलीवर, म्हणजे दोन चाकांच्या छोट्या गाड्यावर, चढवायची म्हणाल तर तुमची ऑल-व्हील आहे, मागची चाकंही यंत्राला जोडलेली, तेही नको. राहिला ट्रेलर. त्याचंच वजन १,८०० पौंड धरलं, तर गाडी मिळून ५,३०० होतात आणि दोन्ही मोटरहोमच्या हिच संपल्या. म्हणून कुठली गाडी ओढायची ते आधी ठरवा, चेसिस नंतर.

आता आकडे. हिचवरचे ५,००० म्हणजे त्या लोखंडाची ताकद. चेसिस काय ओढेल ते दोन कमाल वजनांच्या वजाबाकीत असतं. तुमच्या एफ-५३ चं २६,००० वजा २२,००० म्हणजे ४,०००. मोटरहोम पूर्ण भरलेलं असेल तर मागे तेवढंच. आणि ते भरतंच. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंड, म्हणजे ७० गॅलनची टाकी भरली की जवळजवळ ५८० पौंड. वर्षभराचा संसार, कुकर, पुस्तकं, तांदळाच्या गोण्या वेगळ्या. चार दारांची जीप रँग्लर ४,००० च्या वर जाते, ती या चेसिसला नको. दोन दारांची बसते. मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनवर बांधलेल्या छोट्या मोटरहोममध्ये तर हिच ५,००० ची आणि वजाबाकी ४,२२० ची. विकणारा हिचच दाखवतो, कारण ती दिसते. डिझेलवाल्याच्या पाटीवरचे दोन्ही आकडेही स्वतः उतरवून आणा.

इंजिनाबद्दल. व्ही-१० ओढेल. २०१६ पासून त्याला सहा गियर आले आहेत, माझ्याकडे पाच होते आणि तो फरक चढावर कळतो. चढाला ते मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर ओरडतं, पहिल्या वेळी वाटतं आता फुटणार. तसं काही होत नाही, ते तसंच चालायचं. मात्र उंचीवर त्याचा दम कमी होतो. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के धरा. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तिथे ३२० हॉर्सपॉवरचे सव्वादोनशेही उरत नाहीत. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे ताशी तीस-पस्तीस मैलांनी चढायचं, एवढंच. टर्बो डिझेलला हा त्रास फार कमी.

पण मला चढाबद्दल काळजी नाही, उताराबद्दल आहे. २०१७ च्या जुलैत आम्ही त्याच बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरत होतो. सात टक्क्यांचा उतार, जेमतेम आठ मैल. मागे आमची जुनी सीआर-व्ही. तिच्या ब्रेकच्या पेडलवर दाब देणारा डबा आतमध्ये ठेवला होता, पण सकाळी त्याचा प्लग नीट बसला नव्हता आणि ते मला माहीत नव्हतं. म्हणजे तो पूर्ण उतार माझं मोटरहोम दोन गाड्यांचं वजन एकटं धरत होतं. टो-हॉलचं (ओझं ओढताना खालचा गियर धरून ठेवणारं) बटण मी चढ संपल्यावर बंद केलं होतं. पाय ब्रेकवरून निघत नव्हता. चौथ्या मैलाला वास आला, गरम लोखंड आणि जळकं रबर यांच्या मधला. पाचव्याला पेडल खोल जायला लागलं. बायको काही बोलली नाही, तिने फक्त डॅशबोर्ड घट्ट धरला. मी गियर दोनदा खाली ओढला, इंजिन पुन्हा तसंच ओरडलं आणि गाडी आवरली. पुढे रस्त्याच्या कडेला रुंद जागा होती, तिथे थांबलो. पुढच्या चाकाला हात लावायची सोयच नव्हती, वीतभर लांबूनही झळ लागत होती. तासभर तिथेच बसलो.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर डेपो. आंबा घाटातून रत्नागिरीला त्यांच्या शेकडो फेऱ्या झाल्या. ते म्हणायचे, "ज्या गियरवर चढलास त्याच गियरवर उतर." लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, आणि त्या दिवशी ते मला चौथ्या मैलानंतर आठवलं.

म्हणून दादा, मोटरहोम कुठलंही घ्या, मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक हवा आणि तो चालतोय हे ड्रायव्हरच्या सीटवरून दिसलं पाहिजे. टो-बार (दोन गाड्या जोडणारा दांडा) तुटला तर ब्रेक आपोआप लागेल अशी तारही हवी. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वर कायदाच आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हणालो असतो. मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेले असतात.

डिझेलचं खरं सुख इथे आहे. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) लावला की पाय मोकळा, गाडी आपोआप धरून उतरते. शिवाय इंजिन मागे, त्यामुळे पुढे शांतता. व्ही-१० दोन सीटच्या मध्ये असतं, लांबच्या चढावर पायाशी गरम होतं. वहिनींचे गुडघे लक्षात घेता ते एकदा तासभर चालवून बघा, दोघांनी बसून. तरीही एका वर्षासाठी मी तुमच्या जागी व्ही-१० घेईन. दोन्हीच्या हिच सारख्या, आणि २५ हजार डॉलरमध्ये वर्षभराचं इंधन निघून वर उरेल. पाच वर्षं फिरायचं असतं तर डिझेल म्हणालो असतो.

वाटसरू६६

आंबाघाट, तुमचं उत्तर बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. उताराचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. शुभदा, लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास चालू केला आहे. डिझेलवाल्याचे टायर बघून आलो, आकडे २४१३. सहाही तसेच.

दोन दारांची जीप बघायला गेलो होतो. बायकोने एकदा चढून बघितलं, उतरताना माझा हात घट्ट धरला, आणि जीपचा विषय तिथेच संपला. आता आमची २०१६ ची विकून २०१४ ची सीआर-व्ही घ्यायची, म्हणजे दोन वर्षं जुनी तीच गाडी. मुलीला अजून पटत नाही. व्ही-१० तासभर चालवलं. पायाशी गरम होतं हे खरं आहे, पण बायको म्हणाली चालेल.

विकणाऱ्याला सांगून टाक्या भरायला लावल्या आणि ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर नेलं. पाणी, इंधन आणि आम्ही दोघं धरून १९,३८० पौंड. म्हणजे सामानाला २,६२० उरतात. एवढ्यात भागेल ना?

आंबाघाट

भागेल, पण सामान भरून झाल्यावर पुन्हा काट्यावर न्या आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगळं घ्या. टायरची हवा त्यावरून ठरते.

२०१४ ची सीआर-व्ही मिळाली की तिच्या पुस्तकातलं ओढण्याचं पान लॅमिनेट करून डॅशबोर्डवर ठेवा. इंजिन चालू, ब्रेकवर पाय, सगळ्या गियरमधून एकदा फिरवायचं, डी (ड्राइव्ह) वर पाच सेकंद, मग एन (न्यूट्रल), आणि एन मध्ये तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद. किल्ली अ‍ॅक्सेसरीवर, हँडब्रेक सोडलेला. आर (रिव्हर्स) मधून थेट एन वर आणायचं नाही. दिवसाला आठ तासांच्या वर ओढली तर मध्ये हे सगळं पुन्हा. वेग ताशी ६५ मैलांच्या आत. आणि जोडलेली असताना मोटरहोम रिव्हर्स घेऊ नका, गाडीची पुढची चाकं आडवी होतात. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून घ्या.

एक काम वहिनींकडे द्या. निघताना तुम्ही ब्रेक दाबायचा आणि त्यांनी मागे उभं राहून सीआर-व्हीचे लाल दिवे लागतात का आणि आतलं पेडल दबतं का ते बघायचं. आमच्याकडे २०१७ पासून रोज सकाळी हे होतं, नंतर चहा.