‘टॉर्क करणे’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका

मोटारसायकलच्या इंजिनाच्या दुरुस्तीपुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना मी एका वाक्यापाशी अडले आहे आणि गेले चार दिवस ते मला सोडत नाही. सिलिंडरच्या बुडाशी, फिन्सच्या, म्हणजे हवेने इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या खाली दडलेला एक नट आहे. त्याच्या अगदी वर सिलिंडरचा फुगवटा येत असल्यामुळे गोटी पाना (नटावर वरून टोपीसारखा बसणारा) त्यावर उभा बसत नाही, म्हणून टॉर्क पान्याच्या, म्हणजे फिरवण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजणाऱ्या पान्याच्या टोकाला कावळ्याच्या पायासारखे उघडे तोंड जोडून, आडव्या बाजूने तो नट ठरलेल्या मापापर्यंत आवळायचा आहे. मी लिहिले, ‘या दुर्गम नटाला २४ न्यूटन-मीटर पीळ द्यावा.’ इंजिने उघडण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा एका ज्येष्ठ कारागिरांना मी हे वाक्य वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मला तिथेच थांबवले. ‘पीळ दिलात तर स्टड बदलावा लागेल,’ असे ते म्हणाले. स्टड म्हणजे ज्यावर हा नट चढतो तो बोल्टासारखा दांडा. त्यांच्या बोलण्यात बोल्टला पीळ बसणे म्हणजे धातूने आपली मूळ ठेवण सोडणे, म्हणजेच बोल्ट बाद होणे. मला मात्र आजवर टॉर्क म्हणजे पीळ असेच वाटत आले आहे. ‘टॉर्क करणे’ या क्रियापदाला मराठीत काय म्हणावे आणि ‘दुर्गम’ हे विशेषण नटाला शोभते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मळसूत्र

ताई, तुमचा शब्द योग्य आहे आणि तो तुम्ही सोडू नये असे मला मनापासून वाटते. इंग्रजीतला शब्दही लॅटिनमधल्या ‘पिळणे’ या अर्थाच्या धातूवरूनच आला आहे, आणि तो काही फार जुना नाही. लॉर्ड केल्विन यांचे थोरले बंधू जेम्स थॉमसन यांनी १८८४ मध्ये तो सुचवला. त्याआधी इंग्रज अभियंते ‘बलाचा मोमेंट’ असेच म्हणत होते आणि त्यावर त्यांची कामे होतच होती. म्हणजे त्यांनीही गरज पडली तेव्हा आपल्या शब्दभांडारात हात घालून एक सुटसुटीत शब्द काढला. आपल्याकडे तर तो शब्द घडवण्याचीही गरज नाही. मिशीला पीळ, पोटात पीळ, पिळदार शरीर, सुंभ जळाला तरी न जाणारा पीळ, इतक्या ठिकाणी तो रोज भेटतो. कारागिरांचा अनुभव मोठा आहे याबद्दल वाद नाही, पण एका कार्यशाळेतला रूढ अर्थ साऱ्या भाषेवर बंधनकारक का व्हावा?

उघडा पाना

मळसूत्र, आपण दिलेले प्रत्येक उदाहरण त्या कारागिरांच्याच बाजूने साक्ष देते. मिशीला दिलेला पीळ हात काढल्यावरही मिशीतच राहतो. सुंभाचा पीळ तर जळल्यावरही जात नाही. पीळ म्हणजे वस्तूत मागे उरलेला वळसा. नीट आवळलेल्या बोल्टमध्ये असे काहीच उरता कामा नये. तो आवळताना किंचित लांबतो आणि सैल केल्यावर आपल्या मूळ लांबीवर परत येतो, आणि या स्प्रिंगसारख्या वागण्यावरच त्याची पकड अवलंबून असते.

मी शिकाऊ असताना इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचा सहा मिलिमीटरचा बोल्ट आवळत होतो. अशा बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात, आणि खालचे आटे, म्हणजे बोल्ट ज्यात फिरतो त्या मळसूत्री खाचा, ॲल्युमिनियममध्ये असल्यामुळे त्यापलीकडे जाण्यात मोठी जोखीम असते. पाना जड होत गेला, आणि मग एकाएकी हाताला मऊ लागू लागला. मला वाटले की अजून थोडे बाकी आहे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वडिलांनी माझे मनगट धरले आणि ‘आता पीळ बसला, काढ तो,’ असे म्हटले. बोल्ट काढून पाहिला तेव्हा त्याच्या आट्यांमधली अंतरे एका जागी वाढलेली स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून ‘पीळ’ हा शब्द माझ्यासाठी धोक्याच्या सूचनेचा आहे. तो मी सूचनेच्या वाक्यात कधीही वापरणार नाही.

आमच्यात ‘दहाला आवळ’, ‘चोवीसला आवळ’ असे म्हणतात. आकड्याला ‘ला’ लावला की माप आपोआप सांगितले जाते. ‘नट २४ न्यूटन-मीटरला आवळावा’ एवढे लिहिले की पुरे.

तरफ

मी भौतिकी शिकवतो, त्यामुळे माझी तक्रार दोघांविषयीही आहे. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या जात आहेत. पान्याच्या दांड्यावर लावलेले बल गुणिले आसापासूनचे लंबांतर म्हणजे परिबल. निरूढी परिबल (मोमेंट ऑफ इनर्शिया) या संज्ञेमुळे हा शब्द विज्ञान मराठीतून शिकलेल्यांच्या ओळखीचा आहे. धातूला पडलेला वळसा म्हणजे पीळ. आणि बोल्ट लांबल्यामुळे त्याच्यात निर्माण होऊन दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो तो ताण. आपल्याला हवा असतो तो ताण, पण मोजता येते ते परिबल.

हे वेगळे ठेवण्याचे कारण निव्वळ शास्त्रीय काटेकोरपणाचे नाही. आपण लावलेल्या परिबलापैकी ढोबळमानाने निम्मे नटाच्या बैठकीखालच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात खर्ची पडते, आणि जेमतेम दहावा हिस्सा ताण निर्माण करण्यासाठी उरतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा कोणी तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर घर्षण कमी झाल्यामुळे पाना तोच आकडा दाखवतो आणि बोल्टमधला ताण मात्र पुष्कळ वाढलेला असतो. ज्या भाषेत या दोन्हींसाठी एकच शब्द असेल, त्या भाषेत ही चूक समजावून सांगणे फार कठीण जाईल.

ताईंच्या नटाच्या बाबतीत तर हा भेद अधिकच महत्त्वाचा आहे. टॉर्क पान्याच्या पुढे ते कावळ्याच्या पायासारखे जोडतोंड लावले की नटाचा मध्य पान्याच्या चौकोनी टोकापासून पुढे सरकतो, म्हणजे तरफ लांबते. समजा, मुठीच्या मध्यापासून चौकोनी टोकाच्या मध्यापर्यंत ३०० मिलिमीटर आहेत आणि जोडतोंडाने पुढे ५० मिलिमीटर वाढवले. पाना २४ वर लावून, माप गाठल्याचा खटका वाजेपर्यंत ओढला, तर नटावर प्रत्यक्षात २४ गुणिले ३५० भागिले ३००, म्हणजे २८ न्यूटन-मीटर पडतील. नटावर २४ हवे असतील तर पाना २४ गुणिले ३०० भागिले ३५०, म्हणजे सुमारे २०.६ वर लावावा लागेल. जोडतोंड पान्याशी काटकोनात बसवता आले, तर तरफेची लांबी बदलत नाही आणि आकडाही बदलावा लागत नाही. गोटीवर सरळ उभा लांबवणारा दांडा लावल्यानेही आकडा बदलत नाही, कारण तो आसाच्याच दिशेने लांबतो. वाचकाला हे कळायचे असेल, तर शब्दातून अंतराची जाणीव झाली पाहिजे. ‘पीळ’मध्ये ती नाही, आणि खरे सांगायचे तर ‘आवळणे’मध्येही नाही.

मळसूत्र

तरफ यांचे विवेचन मला पटले आणि नाम म्हणून ‘परिबल’ मी आनंदाने स्वीकारतो. परंतु ताईंनी क्रियापद विचारले आहे. ‘नटाला परिबल लावावे’ हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभेल. हातात पाना घेऊन वाकलेल्या माणसाला ते परके वाटेल. म्हणून मी ‘कसणे’ हा पर्याय मांडतो. कंबर कसतात, घोड्याचा तंग कसतात. शिवाय कसणे म्हणजे पारखणेही आहे, ज्यावरून कसोटी आली. मोजून आवळण्यासाठी याहून नेमका शब्द मराठीत शोधून सापडणार नाही, कारण त्यात घट्टपणाही आहे आणि पारखही आहे.

तरफ

या दोन ‘कसणे’ शब्दांची कुळे वेगळी आहेत. कसोटी आली ती संस्कृत ‘कषपट्टिका’ या शब्दावरून, म्हणजे सोने घासून पाहण्याच्या दगडावरून. घट्ट ओढण्याचे कसणे ‘कर्षति’, म्हणजे ओढणे, या बाजूचे आहे, आणि जमीन कसण्याचे नाते ‘कृष्’शी आहे. उच्चार एक झाला म्हणून अर्थांची बेरीज करता येत नाही. मात्र तुमच्या सूचनेत एक चांगली गोष्ट नकळत आली आहे. बोल्ट आवळताना तो खरोखर ओढलाच जातो, त्यामुळे ताणाच्या दृष्टीने ‘कसणे’ वस्तुस्थितीच्या जवळ जाते.

उघडा पाना

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते ‘कसून आवळ’ म्हणत, आणि त्याचा अर्थ ‘जेवढे जोर लावून होईल तेवढे’ असा होता. म्हणजे मापाच्या अगदी उलट. ॲल्युमिनियमच्या आट्यांपुढे हा शब्द उच्चारण्याचे माझे धाडस होणार नाही.

‘आवळणे’विषयी मात्र मला आणखी बोलायचे आहे. आपण मोळी आवळतो, गाठ आवळतो. त्यात फिरवणे कुठेच नाही. अनेक वस्तूंना एकत्र दाबून धरणे हा त्या शब्दाचा गाभा आहे. सिलिंडर आणि त्याच्या खालचे इंजिनाचे कवच, म्हणजे क्रँककेस, यांच्यामधल्या गॅस्केटवर समान दाब राहावा म्हणून आपण नट फिरवतो. फिरवणे हे साधन आहे. जे साधायचे आहे, ते ‘आवळणे’ या शब्दाने नेमके सांगितले जाते. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात. ‘पीळ द्यावा’ म्हटले की एकेका नटाचा विचार होतो. ‘सिलिंडर आवळावा’ म्हटले की चारही नट एकदम डोळ्यांसमोर येतात.

अनुवादिका

आपणा सर्वांची मी ऋणी आहे, परंतु ‘दुर्गम’चा प्रश्न मागेच राहिला. मूळ पुस्तिकेत ‘पोहोचण्यास कठीण’ अशा अर्थाचे शब्द आहेत.

उघडा पाना

ताई, दुर्गम म्हणजे जिथे जाता येत नाही असे. अशा नटांपर्यंत हात बहुधा जातो, बोटांनी नट चढवताही येतो. तिथे पाना फिरायला जागा नसते. पान्याला जेमतेम बारावा हिस्सा फेरा मिळतो, आणि दर खेपेला तो काढून नव्याने बसवावा लागतो. आमच्याकडे अशा नटाला ‘अडचणीतला नट’ म्हणतात.

मळसूत्र

आणि हा ‘अडचण’ शब्दाचा अस्सल अर्थ आहे. खोलीत सामानाची अडचण झाली असे आपण म्हणतो तेव्हा कोणावर संकट आलेले नसते, जागा दाटलेली असते. संकटाचा अर्थ त्या दाटीवरूनच पुढे आला असावा. ‘दुर्गम’ गडासाठी राहू द्यावा.

तरफ

शब्द चांगला आहे, पण छापील पुस्तिकेत ‘अडचणीतला नट’ वाचून वाचकाला नटच बिघडला आहे असे वाटेल. ‘अडचणीच्या जागेतील नट’ असे लिहिले तर ही शंका राहत नाही.

उघडा पाना

ताई, शब्द ठरण्याआधी एक गोष्ट तपासा. पुस्तिकेतला २४ हा आकडा नटावरचा आहे की पान्यावर लावायचा? काही पुस्तिकांत विशिष्ट जोडतोंड धरून आधीच हिशेब केलेला आकडा छापतात, आणि काहींत नटावरचा देऊन हिशेब कारागिरावर सोपवतात. भाषांतरात हा भेद हरवला, तर शब्द कितीही सुंदर असला तरी नट चुकीचा आवळला जाईल.

अनुवादिका

मी पुस्तिकेतला तक्ता पुन्हा वाचला. जोडतोंडाची लांबी आणि हिशेबाचे सूत्र शेजारच्या पानावर दिलेले आहे, म्हणजे २४ हा आकडा नटावरचाच आहे. सध्या मसुद्यात ‘अडचणीच्या जागेतील हा नट २४ न्यूटन-मीटर परिबलाला आवळावा’ असे लिहिले आहे. ‘परिबलाला आवळावा’ हे कानाला अजून खटकते. आणि जोडतोंडाला ‘कावळापाय’ म्हणावे का?

मळसूत्र

अवश्य म्हणावे. कावळ्याचा पाय सर्वांनी पाहिलेला आहे. अवजारांची नावे अशी दिसण्यावरूनच पडतात, जशी गोटी. मी तर म्हणेन की ‘कावळाचावी’ अधिक बरे. चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांच्या भाषेत त्याच शब्दाने कुलपाची किल्ली आणि नट फिरवायचा पाना या दोन्हींचा बोध होतो. तेव्हा चावीला हा दुसरा अर्थ देण्यात परके असे काहीच नाही.

उघडा पाना

चावी नको. चावी म्हटले की ॲलन चावी डोळ्यांपुढे येते, आणि ती आत घुसते. हे तोंड बाहेरून कवेत घेते. पाना तो पानाच.

तरफ

‘पाना’ हा शब्द ‘स्पॅनर’चाच घासलेला अवतार आहे असे मला वाटते. तसे असेल तर ‘टॉर्क’ला विरोध करून ‘पाना’ जवळ करण्यामागचे तत्त्व मळसूत्र यांनी स्पष्ट करावे.

मळसूत्र

घासून गुळगुळीत झालेला शब्द आपला होतो. ‘पाना’चे अनेकवचन ‘पाने’ होते, त्याला ‘पान्याने’ अशी विभक्ती लागते. ‘टॉर्क’ला ‘टॉर्काने’ असे म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेले नाही.

उघडा पाना

मी रोज ऐकतो. ‘टॉर्काने आवळ, हाताने नको.’