मदत हवी आहे: बोटीची एक बॅटरी सारखी उतरते

हर्णैचा_पुतण्या
काकांच्या बोटीत दोन बॅटऱ्या आहेत. त्यातली एक सारखी उतरते. नवी आणली, चार महिन्यांत तिचीही तीच गत. डायनॅमो बघून झाला, चांगला आहे. पहाटे तीनला निघायचं असतं, सेल्फ मारला की नुसतं टक टक. मग खलाशी शेजारच्या बोटीवर बॅटरी मागत फिरतात. काका माझ्यावर उखडलेत, "तू इंजिनिअर ना?" मी सॉफ्टवेअरवाला, पुण्यात बसतो. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, त्यातले पंधरा दिवस यातच गेले. लवकर सांगा.

दर्यावर्दी
बोट केवढी? इंजिन कुठलं? बॅटऱ्या किती अँपिअर-अवरच्या? कुठली बॅटरी वापरायची ते निवडायचा सिलेक्टर स्विच आहे का? आणि डायनॅमो "बघून झाला" म्हणजे कोणी आणि कशाने बघितला?

हर्णैचा_पुतण्या
मासेमारीची बोट आहे हो, अजून काय सांगू? बॅटऱ्या १०० च्या. डायनॅमो वायरमनने बघितला. स्विचचं काकांना विचारतो, आत्ता फोन उचलत नाहीत.

मरीनावाला
दुबईत नऊ वर्षं हेच काम केलंय. स्विच '१-२-दोन्ही' असा असणार आणि तो कायम 'दोन्ही'वर ठेवत असणार. मग कमजोर बॅटरी चांगलीलाही सोबत घेऊन बुडते. एक बॅटरी फक्त सेल्फला, दुसरी दिवे-वायरलेसला, मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले. इंजिन चालू झालं की साधारण १३.३ व्होल्टला तो दोघींना जोडतो, व्होल्टेज उतरायला लागलं की तोडतो. आणि काकांना सांगा, इंजिन चालू असताना स्विच 'बंद'वरून फिरवायचा नाही. अल्टरनेटरचे, म्हणजे तुमच्या डायनॅमोचे, डायोड जातात.

सूर्योपासक
एवढी कटकट कशाला? टपावर १०० वॅटचं पॅनेल टाका. माझ्या फार्महाऊसला तीन वर्षं एक रुपया बिल नाही.

खारट_वायरमन
फार्महाऊस समुद्रात आहे का तुमचं?
धागाकर्ते, आधी थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढून बघा. खाऱ्या हवेने वायर आतून हिरवी पडते, वरून चकाचक दिसते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या लोखंडावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थची वायर गेली. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा हेच निघतं.

मरीनावाला
थिंबल खराब असेल तर एकच बॅटरी का उतरेल? आणि काटेवाला मीटर आता वापरतं कोण?

खारट_वायरमन
आम्ही वापरतो. तुमच्या मरीनात बोटी एसीत उभ्या असतील.

हर्णैचा_पुतण्या
काका म्हणाले स्विचबिच काही नाही, दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. थिंबल बंदीत नवी घातली. शिवाय दोन्ही बॅटऱ्यांची जागा बदलून बघितली, तर जी चांगली होती ती उतरायला लागली. हे सांगायचं राहिलं.

मिरकरवाड्याचा_मिस्त्री
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतंत. बॅटरीचा दोष असता तर तो बॅटरीबरोबर गेला असता. इथे तो जागेला चिकटून बसलाय. आता तीन गोष्टी विचारा: सेल्फ २४ व्होल्टचा आहे का? दिवे, वायरलेस, फिश फाइंडर कितीवर चालतात? न उतरणाऱ्या बॅटरीत पाणी जास्त घालावं लागतं का?

मासेखाऊ
अवांतर: हर्णैला मासळीचा लिलाव हल्ली किती वाजता सुरू होतो? शनिवारी यायचा बेत आहे. सुरमई मिळेल ना?

हर्णैचा_पुतण्या
सेल्फ २४ चाच. मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं. दिवे वगैरे १२ वर. मागच्या वर्षी वायरमनने एका बॅटरीवरून लाइन काढून दिली, आधी दिवे २४ चेच होते. आणि हो, दुसऱ्या बॅटरीचं पाणी आठवड्यात खाली जातं. तुम्हाला कसं कळलं?

मिरकरवाड्याचा_मिस्त्री
अर्ध्या बंदराची हीच कथा आहे. दोन १२ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीच्या पॉझिटिव्हला दुसरीची निगेटिव्ह, जोडून २४ केले. मग निगेटिव्ह आणि मधली जोडणी यातून १२ व्होल्ट काढले. म्हणजे रात्रभर दिवे, वायरलेस, मोबाईल, टेप या सगळ्याचा भार खालच्या, म्हणजे निगेटिव्हकडच्या, एकटीवर. ५ अँपिअर धरा, दहा तासांत ५० अँपिअर-अवर. १०० ची बॅटरी अर्धी रिकामी.
सकाळी इंजिन चालू. सिरीजमध्ये दोघींतून करंट एकच वाहतो. खालचीत जेवढं भरेल तेवढंच वरचीत. वरची आधीच भरलेली, तिचं पाणी उकळतं. डायनॅमोला फक्त दोघींच्या व्होल्टची बेरीज दिसते, म्हणून वायरमनला तो चांगला वाटला.
इंजिन चालू ठेवून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायला सांगा.

हर्णैचा_पुतण्या
मोजलं. एक १२.७, दुसरी १५.२.

मिरकरवाड्याचा_मिस्त्री
बेरीज २७.९. डायनॅमोचं काम चोख आहे. पण १५.२ वाल्या बॅटरीजवळ बिडी ओढू देऊ नका, हायड्रोजन सुटतोय. फळीचं झाकण उघडं ठेवा.
१२ ची लाइन आजच मधल्या जोडणीवरून काढा. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, निदान १५ अँपिअरचा. २५ वॅटचा वायरलेस बोलतानाच पाच-सहा खातो. कन्व्हर्टरचं इनपुट पूर्ण २४ वरून घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका. उतरलेली बॅटरी सोडवून १२ च्या चार्जरवर वेगळी भरा, मगच परत जोडा.

दर्यावर्दी
आमच्याकडे दर फेरीला बॅटऱ्या अदलाबदल करतात. फुकटात काम होतं.

खारट_वायरमन
फुकटात दोन्ही मारायच्या. हलत्या बोटीत पाना एकदा दोन खुंट्यांवर आडवा पडला की कळेल. तिसरी बॅटरी बसवा फक्त दिव्यांसाठी, कन्व्हर्टर पावसात टिकत नाहीत.

मरीनावाला
तिसरी बॅटरी चार्ज कशाने करणार? २४ च्या डायनॅमोने? तिथेही कन्व्हर्टरच लागेल. लिथियम बॅटऱ्या घ्या आणि विषय संपवा.

सूर्योपासक
तिसरी बॅटरी सोलरवर. मी म्हणतच होतो.

खारट_वायरमन
या वेळी बरोबर बोललात, पण जाळं टाकताना ते पॅनेल कोण सांभाळणार?

हर्णैचा_पुतण्या
भांडू नका. काका म्हणतात १२ ची लाइन काढली तर रात्री दिवे कुठून आणू? कन्व्हर्टर मिळेपर्यंत काय?

मिरकरवाड्याचा_मिस्त्री
जुने २४ चे दिवे फेकले नसतील तर तेच लावा. फक्त वायरलेस आणि फिश फाइंडर मधल्या लाइनवर राहू दे, टेप बंद. दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नाही.

हर्णैचा_पुतण्या
चार दिवसांनी लिहितोय. कन्व्हर्टर रत्नागिरीहून मागवला, बसला. उतरलेली बॅटरी रात्रभर वेगळी भरली. काल इंजिन चालू असताना एक १३.९, दुसरी १४.१. सेल्फ पहिल्या झटक्यात. वरचीचं पाणी अजून बघत राहायचंय, तिच्या एका खान्यात प्लेटा उघड्या पडल्या होत्या. मिस्त्रीदादा, फार आभार. काका म्हणाले हे सगळं त्यांना आधीच माहीत होतं.
फक्त आता वायरलेसवर सतत खरखर येते. कन्व्हर्टर बंद केला की थांबते, पण मग वायरलेसही बंद.

मिरकरवाड्याचा_मिस्त्री
स्वस्तातला घेतलात ना? वायरलेस आणि कन्व्हर्टर शेजारी शेजारी बसवलेत का? अँटेनाची वायर कुठून नेलीय? फोटो टाका.

हर्णैचा_पुतण्या
बोट बाहेर गेलीय. परवा येईल.

मासेखाऊ
लिलावाचं कोणीच सांगितलं नाही.