बर्सा थंडर ३८० : पहिलं पिस्तूल म्हणून कसं आहे?

खडकमाळ_टेक्सास
ग्रीन कार्ड आहे. घरात ठेवायला आणि अधूनमधून रेंजवर न्यायला पहिलं पिस्तूल घ्यायचंय. बजेट साडेतीनशे डॉलर. थंडर ३८० हातात छान बसलं, पण तीन शंका आहेत. नवीन असताना गोळ्या अडकतात म्हणतात, ते कितपत खरं? पहिल्या गोळीला चाप फारच लांब आणि जड वाटला, त्याची सवय होते का? आणि बायकोला स्लाइड मागे ओढायला जड गेली, त्यावर काही उपाय? वापरणाऱ्यांनीच सांगा, दुकानदाराचं ऐकून झालंय.

नळीवाला
या किमतीत सिंगल ॲक्शनचा (घोडा, म्हणजे मागचा हातोडा, आधीच मागे असतानाचा) इतका स्वच्छ चाप दुसरीकडे मिळणं कठीण. घ्या.

स्लाइडचं आधी सांगतो, कारण बाकीचं त्यातूनच कळेल. हे साधं ब्लोबॅक पिस्तूल आहे. नळी फ्रेमला पक्की बसवलेली, स्प्रिंग नळीभोवती, नळी आणि स्लाइड यांच्यात लॉक नाही. गोळी सुटताना स्लाइडला रोखून धरायला तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग एवढंच. म्हणून स्प्रिंग कडक, आणि .३८० सारख्या मवाळ काडतुसालाही झटका टोचल्यासारखा लागतो. फायदा असा की नळी हलत नसल्यामुळे नेम चांगला लागतो.

उपाय: सेफ्टी वर करून (लाल ठिपका दिसतो) आधी अंगठ्याने घोडा मागे घ्या, मग स्लाइड ओढा. घोडा आधीच मागे असला की स्लाइडला तो ढकलावा लागत नाही, बराच फरक पडतो. बोट चापाबाहेर, नळी सुरक्षित दिशेला. तरीही जमलं नाही तर स्मिथ अँड वेसनचं ३८० शील्ड ईझेड बघा. त्याची स्लाइड लोण्यासारखी आहे, पण बजेट वाढेल आणि ते डबल ॲक्शन (चाप ओढल्यानेच घोडा मागे जाऊन पडणारं) नाही.

अडकण्याबद्दल: कशी अडकली ते बघितल्याशिवाय पिस्तुलाला नावं ठेवू नका. रिकामं केस (गोळी सुटल्यावर उरलेलं काडतुसाचं टरफल) स्लाइडच्या खिडकीत, म्हणजे ते बाहेर पडायच्या फटीत, उभं अडकलं तर बहुतेक वेळा मनगट सैल असतं, नाहीतर काडतूस कमजोर. मनगट सैल सोडलं की फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. नवी गोळी नाक खाली करून नळीत शिरायच्या उताराला टेकली तर आधी मॅगझिनवर संशय घ्या. मॅगझिनांवर मार्करने आकडे टाका. दरवेळी तेच मॅगझिन गडबड करत असेल तर दोषी सापडला. पहिल्या दीड-दोनशे गोळ्या ९५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) आणि गोल नाकाच्या फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूचं कवच असलेल्या, वापरा. रुंद तोंडाचे हॉलो पॉइंट (टोकाला खड्डा असलेले) नंतर, आणि घरासाठी जे ठेवणार तेच किमान पन्नास तरी आधी झाडून बघा. .३८० बऱ्याचदा ९ मिमीपेक्षा महाग पडतं, हे हिशेबात धरा. पिस्तूल स्वस्त, खाणं महाग!

कोरडा_सराव
चापाची सवय होते, पण आपोआप नाही. बरेच जण स्लाइड ओढून घोडा मागे असतानाच सगळं मॅगझिन झाडतात. मग डबल ॲक्शनचा सराव होतच नाही आणि पहिली गोळी हमखास खाली-डावीकडे जाते (उजव्या हाताने मारणाऱ्यांची).

सराव असा करा: पहिली गोळी डबल ॲक्शनमध्ये, दुसरी सिंगलमध्ये. मग बोट बाहेर, नळी टार्गेटकडे, सेफ्टी खाली. घोडा सुरक्षितपणे पडतो. सेफ्टी वर, पुन्हा दोन. अंतर आधी ५ यार्ड, दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी पडायला लागल्या की ७. चाप टप्प्याटप्प्याने ओढू नका, एका लयीत शेवटपर्यंत. घोडा अंगठ्याने धरून चाप दाबत खाली सोडायची हौस नको, त्यासाठीच सेफ्टीचा लीव्हर दिलाय.

तेलपाणी
साफसफाई सोपी. मॅगझिन काढा, स्लाइड ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. उजव्या बाजूचा लीव्हर खाली, स्लाइड पूर्ण मागे, मागचं टोक वर उचला आणि पुढे काढा. चाप दाबावा लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. स्प्रिंग काढताना कोणतं टोक चेंबरकडे होतं ते बघून ठेवा. तेल रुळांवर एकेक थेंब, बस्स. फायरिंग पिनच्या भोकात तेल ओतलं की काजळी धरते आणि ठोका हलका पडतो.

उजवी ग्रिप उगाच उघडू नका. तिच्याखाली ट्रिगर बार आणि त्याची स्प्रिंग आहे. सुटली तर संध्याकाळ जमिनीवर शोधण्यात जाईल.

मॅगझिन काढलं की चाप चालत नाही, यावर विसंबणारे भेटतात. चेंबरमधली गोळी तिथेच असते. मॅगझिन परत घातलं की पिस्तूल तयार. जुन्या नगांवर फ्रेममध्ये किल्लीचं कुलूप आहे, पण ते तिजोरीची जागा घेत नाही.

कागदपत्रं_आधी
ग्रीन कार्डवर संघीय कायद्याची आडकाठी नाही. दुकानातून घेताना वय २१ पूर्ण हवं आणि फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म) मध्ये एलियन नंबर (ग्रीन कार्डावरचा क्रमांक) भरावा लागतो. एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्याच्या जोडीदाराचा) किंवा बी-२ (पर्यटकाचा) वर आलेल्यांना मात्र, शिकारीच्या वैध परवान्यासारखे अपवाद सोडले तर, पिस्तूल बाळगायलाही बंदी आहे. रेंजवर भाड्याने घेणंही त्यात येतं. बायको अजून एच-४ वर असेल तर स्लाइडचा प्रश्न आत्ता गौण आहे.

खडकमाळ_टेक्सास
तिचंही ग्रीन कार्ड झालंय. पण दिवाळीला आई-बाबा बी-२ वर येतायत. ते असताना काय करायचं?

कागदपत्रं_आधी
पिस्तूल आणि काडतुसं तिजोरीत, किल्ली किंवा आकडे फक्त तुम्हा दोघांकडे. बाबांना हौस असली तरी रेंजवर हातात देऊ नका. शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हिसाचा मामला आहे.