मदत हवी आहे: मॅजिक किंगडम, सात माणसं, एक दिवस आणि एक उपवास

कृष्णाकाठची

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑरलँडोला जातोय. मॅजिक किंगडमला (डिस्नेचं थीम पार्क) एकच दिवस मिळतोय, तोही गुरुवार. हॉटेल किसिमीत, गाडी भाड्याची. माणसं अशी: आम्ही दोघं, दीर, साबा-साबु (सासूबाई-सासरे; दोघंही सत्तरीच्या पुढे, साबांचे गुडघे दुखतात), मुलगी चार वर्षांची (उंची 100 सेंमी) आणि मुलगा नऊचा (132 सेंमी).

प्रश्न:
१. लाइटनिंग लेनचे (पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेचे) पैसे भरायचे का? सातही जणांचे?
२. साबांचा मार्गशीर्षातला गुरुवार आहे. एरवीही त्या कांदा, लसूण, अंडं खात नाहीत. दीर सोडून बाकी सगळे शाकाहारी.
३. त्या दिवशी पार्क संध्याकाळी सहालाच बंद होतंय. दिवस बदलू का?
४. लेकाला शाळेत 'एखाद्या जागेचा आराखडा' असा प्रकल्प आहे. त्याला तिथे नेमकं काय बघायला सांगू?

आगाऊ आभार.

चक्रीपाळणा

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. सहाला बंद होण्याचं कारण म्हणजे त्या रात्री वेगळ्या तिकिटाची ख्रिसमस पार्टी आहे. रात्रीची आतषबाजी हुकते म्हणून बरेच लोक नेमके हे दिवस टाळतात, आणि म्हणून दिवसा गर्दी कमी असते. दोन वयस्कर आणि एक चार वर्षांची मुलगी असताना तुम्ही तसेही सहानंतर फार टिकणार नाही. दिवस बदलू नका.

आता रांगा. एखाद्या राइडला किती वेळ लागणार हे ती किती लोकप्रिय आहे यापेक्षा तासाला किती माणसं गिळते यावर ठरतं. हाँटेड मॅन्शनच्या खुर्च्यांची साखळी थांबतच नाही, त्यामुळे लांबलचक रांगही भराभर सरकते. पीटर पॅनच्या एका होडीत जेमतेम दोन-तीन माणसं बसतात. तेवढ्याच लांबीची रांग तिथे कितीतरी जास्त वेळ घेते. रांग डोळ्यांनी मोजू नका, डिस्नेच्या ॲपमधली मिनिटं बघा.

तुमचं हॉटेल डिस्नेचं नाही, हा मुद्दा महत्त्वाचा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, पण फक्त फँटसीलँड आणि टुमॉरोलँड या दोन भागांमध्ये. म्हणजे तुम्ही आत पाऊल टाकाल तेव्हा पीटर पॅन आणि सेव्हन ड्वार्फ्सची माइन ट्रेन आधीच भरलेली. 'सकाळी आधी पीटर पॅन गाठा' हा सल्ला जागोजागी वाचायला मिळेल, पण तो त्या हॉटेलवाल्यांसाठी आहे. तुम्ही किल्ल्यासमोरून डावीकडे वळा: ॲडव्हेंचरलँडमध्ये जंगल क्रूझ, मग पायरेट्स, मग लिबर्टी स्क्वेअरला हाँटेड मॅन्शन. हा भाग सगळ्यांना एकाच वेळी उघडतो. तिन्हींना उंचीची अट नाही, साबा-साबुही येऊ शकतात. पायरेट्समध्ये एक छोटा उतार आहे आणि होडीत पाय खाली टाकून उतरावं लागतं, तेवढं साबांना आधी सांगा.

लाइटनिंग लेन मल्टी पास: बाहेरच्या हॉटेलवाल्यांना तीन दिवस आधी, सकाळी 7 वाजता ऑरलँडोच्या वेळेप्रमाणे बुकिंग उघडतं. म्हणजे तुम्हाला सोमवारी सकाळी. आधी तीन राइड्स निवडता येतात: पहिल्या गटातली एक, दुसऱ्यातल्या दोन. पहिल्यातून पीटर पॅन घ्या. दुसऱ्यातून विनी द पूह आणि बझ लाइटइयर. फिलहारमॅजिकवर निवड वाया घालवू नका, ते मोठं प्रेक्षागृह आहे, एका खेळात शेकडो माणसं बसतात. एक राइड वापरली की पुढची घेता येते, म्हणून पहिली वेळ शक्य तितकी सकाळची धरा. पहिलीच दुपारी दोनची घेतली तर पैसे निम्मे पाण्यात. ट्रॉन यात येत नाही, त्याचा पास वेगळा विकत घ्यावा लागतो.

सात जणांचे अजिबात भरू नका. पास माणशी असतो. साबा-साबुंना वगळा, दीर आणि तुम्ही दोघं यांच्यातलं कोण कशात बसणार ते आधी ठरवा.

आणि फुकटची रांग हळू का सरकते हेही कळू दे: पुढे दोन्ही रांगा एकत्र येतात तिथे उभा असलेला कर्मचारी पासवाल्यांना जास्त प्रमाणात सोडतो. म्हणून समोर वीसच डोकी दिसली तरी दहा मिनिटांत नंबर येईल असं धरू नका.

उंची: 100 सेंमीची मुलगी माइन ट्रेनमध्ये बसू शकते (97 लागते), बार्नस्टॉर्मरमध्येही (89). टियानाची पाण्याची राइड दोन सेंटिमीटरने हुकते (102). स्पेस माउंटन 112, ट्रॉन 122, ती दोन्ही लेकासाठी. तेव्हा आजी-आजोबा नातीला घेऊन बसले तर उत्तम. नाहीतर प्रवेशद्वारावर 'रायडर स्विच' मागा: एक मोठा माणूस मुलीजवळ थांबतो, पहिला गट आला की त्याला पुन्हा मोठी रांग लावावी लागत नाही.

डबेवाली

मी फक्त खाण्याबद्दल बोलते.

बाहेरचं खाणं आत नेता येतं. अटी मोजक्या: काचेची भांडी नाहीत, सुटा बर्फ किंवा कोरडा बर्फ नाही (थंड ठेवायला जेलच्या पिशव्या चालतात), आणि गरम करावं लागेल असं काही नको, कारण कुणी गरम करून देत नाही. म्हणून साबुदाण्याची खिचडी नेऊ नका. गार झाली की दोन तासांत चिवट होते. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, उपवासाचा चिवडा, खजूर, केळी. एवढ्यात साबांचा दिवस निघतो, आणि संध्याकाळी उपवास सोडायला तुम्ही हॉटेलवर परतलेल्या असाल.

'बटाटा चालतो ना, मग फ्राइज घेऊ' असं करू नका. काही ठिकाणी त्याच तेलात चिकनही तळतात. काउंटरवर ॲलर्जीचा मेन्यू मागा, त्यात कुठे वेगळं तळून मिळेल ते कळतं. अंड्याचं सोपं आहे, तो ॲलर्जीच्या यादीतला पदार्थ असल्यामुळे सगळीकडे नोंद असते. कांदा-लसूण त्या यादीत नसतात, म्हणून मेन्यूवर काहीही लिहिलेलं नसेल; तिथल्या आचाऱ्याला बोलवून विचारावं लागतं. हिरव्या पानाची खूण म्हणजे प्राणिजन्य काही नाही एवढंच. त्या पानाखाली लसूण भरपूर असू शकतो! अननसाचं डोल व्हिप मात्र दुधाविना असतं, अलोहा आइलला मिळतं. उपवासाला चालवायचं का ते साबांनी ठरवावं.

बाकीच्यांसाठी: ॲपवरून मोबाइल ऑर्डर. सगळ्यांची चूक इथे होते. लोक बारा वाजता भूक लागल्यावर ॲप उघडतात आणि पहिली मोकळी वेळ दीडची दिसते. तुम्ही सकाळी पार्कात शिरतानाच पावणेअकरा-अकराची वेळ धरून ठेवा. वेळ नंतर बदलता येते. तिथे पोचल्यावर 'मी आलो, बनवायला घ्या' हे बटण दाबलं नाही तर ऑर्डर स्वयंपाकघरात जातच नाही. माणसं काउंटरसमोर वीस मिनिटं नुसती उभी असतात ती याचमुळे.

जागा: कॉस्मिक रेज सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गोंगाटाचं. पेकोस बिलला भात-राजम्यासारखं काही जुळवता येतं, पण घटक विचारून घ्या. कोलंबिया हार्बर हाउसचा वरचा मजला शांत असतो, कारण लोक खालीच जागा शोधत फिरतात. जिना आहे, तेव्हा साबांना खाली बसवा. टेबलवर वाढणारी रेस्टॉरंट्स साठ दिवस आधी बुक होतात, आणि ऐन वेळी गेलाच नाहीत तर माणशी 10 डॉलर कापतात. एका दिवसासाठी मी त्या फंदात पडणार नाही, दीड तास तिथेच जातो.

प्यायला बर्फाचं पाणी कुठल्याही शीतपेयाच्या काउंटरवर फुकट. बाटल्या विकत घेऊ नका.

दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी वेळ असेल तर ॲनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना'ला जा. पाच प्रकारच्या पोळ्या-नान आणि नऊ चटण्या-लोणची एका ताटात येतात. हे पार्कबाहेर आहे, पार्काच्या दिवशी मध्येच उठून जाण्यात अर्थ नाही.

फुलबाजा

दिवस बदलू नका म्हणणं पटलं नाही. आतषबाजी आणि किल्ल्यावर प्रकाशाने पाडतात ती चित्रं हा त्या जागेचा कळस आहे. दुसऱ्यांदा कोण जातंय? शुक्रवार बघा, पार्टी नसेल तर तोच घ्या. उपवासही टळेल.

चक्रीपाळणा

फुलबाजा, चित्रं किल्ल्यावर पडतात म्हणून सगळे किल्ल्यासमोरच्या चौकात दाटतात, चांगली जागा हवी तर तास-दीड तास आधी जमिनीवर बसावं लागतं. गुडघेदुखीला ते कसं जमायचं? फक्त फटाके बघायचे तर पार्टी नसलेल्या एखाद्या संध्याकाळी पार्कासमोरच्या तळ्यापलीकडून, फेरीबोटीच्या धक्क्याजवळून, मोकळ्या हवेत दिसतात.

आराखडा

लेकाच्या प्रकल्पासाठी सोन्यासारखी जागा आहे.

पहिलं: शिरतानाच रेल्वेचा बांध आडवा येतो. त्याच्या बोगद्यातून गेल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. ते मुद्दाम. दुसरं: एकच रस्ता, मेन स्ट्रीट, आणि त्याच्या टोकाला किल्ला. दूरचं उंच काहीतरी दाखवून माणसाला आत ओढायचं. वॉल्ट डिस्नेची मंडळी अशा गोष्टीला 'वीनी' म्हणत. किल्ला 189 फूट, म्हणजे साधारण 58 मीटर. 200 फूट झाला असता तर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागला असता. आणि तो दिसतो त्याहून बुटका आहे: वरच्या खिडक्या, दगड, बुरूज मुद्दाम लहान केलेत. मेन स्ट्रीटवरच्या दुकानांचे वरचे मजलेही तसेच. खालची खिडकी आणि वरची खिडकी एका फोटोत घेऊन पट्टीने मोजायला सांगा.

तिसरं: किल्ल्यासमोरचा गोल चौक आणि त्यातून फुटणारे रस्ते. चाकाचे आरे डोळ्यांसमोर आणा. फायदा असा की चुकलं तरी चौकात परत येता येतं. तोटाही तोच, सगळे चौकातच येतात, आणि बाहेर पडायला पुन्हा तोच मेन स्ट्रीट. त्यासाठीच 2015 च्या सुमारास चौकातली जागा वाढवून हिरवळ केली.

चौथं, त्याला सर्वांत आवडेल ते: आपण चालतो तो खरं तर वरचा मजला आहे. खाली नोकरांचे, मालाचे बोगदे आहेत. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीवर बांधले आणि समोरचं तळं खणून निघालेली माती त्यांच्या भोवती-वर टाकली. कचरासुद्धा नळ्यांतून हवेने ओढून नेतात. सगळं 1971 पासून.

करायचा प्रयोग: रांगेत शिरताना आपल्यापुढे किती माणसं आहेत ते मोजायचं, घड्याळ लावायचं, राइडमध्ये बसताना थांबवायचं. पायरेट्स आणि पीटर पॅन दोन्हीकडे करा. चक्रीपाळणा जे म्हणाले ते आकड्यांत उतरेल.

जुन्या नकाशावर विसंबू नका: फ्रंटियरलँडकडची नदी जुलै 2025 मध्ये बंद झाली, तिथे बांधकाम आहे.

परतीची गाडी

जाण्या-येण्याचं कुणी बोललं नाही, आणि वेळ तिथेच जातो. गाडी पार्कच्या दाराशी जात नाही. तळ्याच्या अलीकडे गाडी लावायची, तपासणी तिथेच, मग मोनोरेल किंवा फेरीबोट. नऊला उघडत असेल तर पार्किंगच्या फाटकावर आठच्या आत हवेत. तपासणीच्या कमानीतून जाताना स्टीलचा डबा, छत्री, चष्म्याची डबी हातात पुढे धरा, नाहीतर पिशवी बाजूला घेऊन उघडतात.

साबांना चाकाची खुर्ची लागणारच. पार्कची खुर्ची दाराशी मिळते, तोवरचं अंतर मोठं आहे. हॉटेलवर पोचवणाऱ्या भाड्याच्या खुर्च्या मिळतात, घडीची घ्या. खुर्ची असेल तर फेरीबोट बरी: मोनोरेलचा फलाट वर आहे आणि उतार लांब. खुर्चीमुळे रांग लहान होते हा गैरसमज, बहुतेक ठिकाणी तीच रांग असते.

पार्टीची माणसं चारपासून आत यायला लागतात. तुम्ही सव्वापाचला निघा. सहाला निघालात तर बाहेर जाणाऱ्या सगळ्यांबरोबर त्याच रस्त्यावर. मेन स्ट्रीट तुंबला असेल तर बाहेर पडताना उजव्या हाताच्या दुकानांत शिरा, आतून एकमेकांना जोडलेली आहेत, थेट स्टेशनच्या चौकात निघता. परतताना एक्स्प्रेस मोनोरेलला गर्दी असेल तर हॉटेलांच्या मोनोरेलचं बघा. तीही पार्किंगकडे थांबते, मधे एकच थांबा लागतो.

कृष्णाकाठची

खूप आभार सगळ्यांचे! गुरुवारच ठेवते. फुलबाजा, साबांना विचारलं तर त्या म्हणाल्या फटाके दिवाळीत बघितले. शेवटचं एक: मुलीसाठी बाबागाडी न्यावी का? ती एरवी चालते.

चक्रीपाळणा

न्याच. दिवसभरात आठ-दहा किलोमीटर सहज होतात. रुंदी 79 सेंमी आणि लांबी 132 सेंमीच्या आत हवी, ओढायची गाडी चालत नाही. राइडच्या बाहेर लावलेल्या बाबागाड्या कर्मचारी सरकवून रांगेत लावतात, त्यामुळे ठेवली तिथे सापडत नाही. दांडीला एखादी भडक रंगाची ओढणी बांधा आणि खाऊचा डबा त्यात ठेवून जाऊ नका. खारी फार धीट आहेत.