मदत हवी आहे: खिशातलं छोटं पिस्तूल हातात टिकत नाही. दोष धक्क्याचा की ट्रिगरचा?

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासात, सॅन अँटोनियोच्या बाहेर राहते. होम हेल्थ नर्स आहे. पेशंटांची घरं गावापासून लांब, रँच रोडवर, आणि परत येताना बऱ्याचदा अंधार पडलेला असतो. ग्रीन कार्ड आहे, राज्याचं कॅरी लायसन्स (एलटीसी) आहे. सप्टेंबर २०२१ पासून इथे लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तरी मी काढलं, कारण ते इतर बऱ्याच राज्यांतही चालतं. बंदूक बाळगावी की बाळगू नये हा वाद कृपया इथे नको. त्यासाठी इतर धागे ओसंडून वाहताहेत.

लायसन्सची नेमबाजीची परीक्षा नवऱ्याच्या मोठ्या ९ एमएम पिस्तुलावर दिली. ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण लागतात. आरामात पास झाले. पण ते धूड रोज कमरेला लावणं शक्य नाही. इथल्या उन्हाळ्यात अंगावर पातळ कुर्ता नाहीतर स्क्रब्ज, त्यात काय लपणार? दुकानदार म्हणाला, "लेडीजसाठी हेच बेस्ट," आणि ३८० कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे गोळीच्या जाडीचं माप) एक चिमुकलं पिस्तूल हातात ठेवलं. रिकामं असताना वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात जाईल.

खिशात आहे की नाही हे कळतसुद्धा नाही इतकं सुटसुटीत. रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) मात्र नको जीव होतो. मुठीवर दोनच बोटं बसतात, करंगळी खाली लोंबकळते. प्रत्येक गोळीला ट्रिगर गार्डची (ट्रिगरभोवतीच्या कडीची) खालची कड मधल्या बोटाच्या पेरावर आपटते, एक मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) संपेपर्यंत तिथे लाल वळ उठलेला असतो. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात झिणझिण्या येतात. ट्रिगरचा प्रवास लांब, सुरुवातीला मऊ आणि शेवटी एकदम जड. रेंजवाल्याने गेज लावून दाखवलं, साडेसहा पौंड, म्हणजे जवळजवळ तीन किलो. ७ यार्डांवर माझ्या गोळ्या खाली आणि डावीकडे जातात. मी उजव्या हाताची आहे.

नवरा म्हणतो, "३८० म्हणजे ९ एमएमची धाकटी बहीण, तिचा कसला आलाय धक्का!" मला तर त्याच्या ९ एमएमपेक्षा हेच जास्त लागतं. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताची सुरुवात आहे, तेही लक्षात घ्या. आता विचारायचं ते असं:

धक्का कमी करायचा म्हणून पिस्तूल बदलू, की ट्रिगरची स्प्रिंग बदलून हलका करून घेऊ? दोन्हींपैकी खरा दोषी कोण हे ओळखायचं कसं? बदलायचंच तर ३८० मध्येच राहू की ९ एमएम घेऊ?

– सायलेंट_सायली

खटपट्या:

ताई, यजमानांना सांगा की काडतूस धाकटं असलं तरी पिस्तूलही धाकटं आहे. ३८० ची नेहमीची गोळी ९५ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमच्या वर थोडी. ९ एमएमची ११५ ग्रेनची आणि जास्त वेगाने जाणारी. नुसतं काडतूस पाहिलं तर ते म्हणतात ते बरोबर आहे. पण गोळी पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जाते तेवढाच पिस्तुलाला मागे मिळतो, आणि पिस्तूल जितकं हलकं तितकं ते जोरात मागे येतं. काडतूस तेच ठेवून वजन दुप्पट केलं तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण हलकं पिस्तूल काउंटरवर हातात घेतल्याबरोबर आवडतं आणि काउंटरवर गोळी झाडता येत नाही. 'लेडीजसाठी' हे लेबल लावून सगळ्यात त्रासदायक पिस्तूल नवख्या बाईच्या गळ्यात मारणं ही इकडची जुनी खोड आहे.

एकूण ऊर्जेइतकीच ती हाताच्या किती भागावर येते हीही बाब आहे. अरुंद मूठ, दोन बोटं, बेचक्यावर एक पातळ पट्टी. तुमचा वळ त्यातून उठतो. काहींच्या मॅगझिनला खाली करंगळी टेकवायला जोड मिळतो, तो आधी लावून बघा. किंवा मुठीवर चढवायचं रबराचं आवरण. हे दोन्ही स्वस्तातले उपाय आहेत.

माळरान:

खटपट्यांनी धक्क्याचं सांगितलं, मी ट्रिगरचं सांगतो. माझ्या मते खरं दुखणं तिथेच आहे.

तुमचं पिस्तूल पावणेतीनशे ग्रॅम आणि ट्रिगर ओढायला लागणारा जोर तीन किलो. म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोर एका बोटाने, एका बाजूने लावायचा आणि तेवढ्यात नळी हलू द्यायची नाही. यजमानांच्या मोठ्या पिस्तुलाचा ट्रिगर याहून फार हलका असेल असं नाही, पण खाली वजन भरपूर, त्यामुळे ते जागचं हलत नाही. छोट्या पिस्तुलाला बोट थोडं तिरकं लागलं तरी अख्खं पिस्तूल वळतं. उजव्या हाताच्या माणसाची गोळी डावीकडे जाते ती बऱ्याचदा अशी.

स्प्रिंग बदलून ट्रिगर हलका करायचा विचार मात्र सोडून द्या. खिशातल्या पिस्तुलांचा ट्रिगर लांब आणि जड असतो तो कंपनीला चांगला जमला नाही म्हणून नव्हे. बऱ्याच मॉडेलांना वेगळी सेफ्टी नसते, तो लांब प्रवास हीच सेफ्टी. शिवाय हॅमरची (ठोका देणाऱ्या घोड्याची) स्प्रिंग हलकी केली की काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या भागावर) ठोका कमी बसतो, आणि कधीतरी नुसतंच 'खट्' होऊन गोळी सुटत नाही. ज्या वेळेसाठी पिस्तूल बाळगता त्याच वेळी हे झालं तर काय घ्या!

दोषी कोण ते ओळखायची युक्ती सोपी आहे. प्लॅस्टिकची डमी काडतुसं मिळतात, स्नॅप कॅप. मॅगझिन दुसऱ्या कोणाला तरी भरायला लावा, खऱ्या गोळ्यांत एखाददुसरी डमी मिसळून. कुठली कितवी हे तुम्हाला माहीत नको. डमीवर ट्रिगर ओढल्यावर नळी खाली दबली, तर तुम्ही धक्क्याच्या भीतीने आधीच जोर लावताय. नळी न दबता नुसती बाजूला सरकली, तर बोटाचा आणि ट्रिगरचा प्रश्न. मोबाइलवर शूटिंग घ्या, डोळ्यांनी पटकन कळत नाही.

डॅलसकर:

थोडं अवांतर. मी एच-१बी वर आहे. मला घेता येईल का?

खटपट्या:

@डॅलसकर, फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक बाळगायलाच मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. पण वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका, चुकलात तर व्हिसाही जाईल. आता धाग्यावर येऊ या.

कोल्हापुरी_ठसका:

तुमचं बरंय, ३८० की ९ एमएम असली चैन! आमच्याकडे भारतात ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, साध्या परवान्यावर मिळतच नाही, .३२ वरच भागवायचं. कानपूरच्या फॅक्टरीने २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं, .३२ चं, साधारण ५०० ग्रॅमचं. निदान वजनाचा विचार तरी केला म्हणायचं. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे ओढून ठेवला की चाप (ट्रिगर) एकदम हलका होतो, नुसता चाप ओढला तर जीव जातो. ताईंचं दुखणं वाचून तेच आठवलं.

सायलेंट_सायली:

सगळ्यांचे आभार. काल डमीचा प्रयोग केला, मॅगझिन नवऱ्याने भरलं. व्हिडिओत स्वच्छ दिसतंय: पहिल्या गोळीला नळी स्थिर, फक्त जराशी डावीकडे. खरा धक्का बसल्यानंतर आलेल्या डमीवर मात्र नळीने चक्क मान टाकली. मग रेंजवरचं .२२ (अगदी कमी धक्क्याचं) पिस्तूल भाड्याने घेतलं. खाली जाणं बंद, डावीकडे थोडं चालूच. म्हणजे दोन्ही चोर आहेत, पण मोठा चोर धक्का. नवरा व्हिडिओ दोनदा बघून गप्प आहे.

मग पुढचं पिस्तूल कोणतं? सिग पी३६५, ग्लॉक ४२ आणि स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी ३८० ही नावं सारखी ऐकते. अंगठ्यामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायलाही त्रास होतो.

माळरान:

तिन्हींची जातकुळी वेगळी आहे.

पी३६५ (२०१८) ९ एमएम, रिकामं साधारण ५०० ग्रॅम, १०+१ गोळ्या (मॅगझिनमध्ये दहा, नळीत एक). आकाराच्या मानाने ट्रिगर छान, पण काडतूस ९ एमएमचं असल्यामुळे धक्का झटकेदार. तुमच्या बेचक्याला ते फार सुखाचं जाणार नाही. त्याचीच ३८० आवृत्ती २०२२ मध्ये आली, ती जरूर बघा.

ग्लॉक ४२ (२०१४) ३८० चं, चारशे ग्रॅमच्या आत, ६+१. ते अजून खिशात जातं. तुमच्या सध्याच्या पिस्तुलाहून शंभरेक ग्रॅम जास्त आहे. आकडा किरकोळ वाटेल, हाताला वाटत नाही.

ईझी ३८० (२०१८) सव्वापाचशे ग्रॅम, ८+१. काडतूस तुमच्या पिस्तुलाचंच आणि वजन जवळजवळ दुप्पट. ट्रिगरचा प्रवास कमी, स्लाइड नावाप्रमाणे हलकी, मॅगझिन भरायलाही अंगठा टेकवायला बटण आहे. मुठीच्या मागे ग्रिप सेफ्टी असते, ती नीट दाबली गेली नाही तर गोळी सुटत नाही, तेव्हा पकड घट्ट हवी. खिशात मात्र जाणार नाही. तुमचा अंगठा पाहता मी आधी हेच हातात देईन.

जुनं वॉल्थर पीपीके कोणी सुचवलं तर हुरळू नका. वजनदार आहे, पण ब्लोबॅक पद्धतीचं, म्हणजे नळी स्लाइडला अडकलेली नसते. धक्का वाटतो त्याहून कडक, आणि स्लाइड ओढायला जड स्प्रिंग.

सायलेंट_सायली:

ईझी खिशात जाणार नाही म्हणजे पर्सच. पर्समध्ये ठेवलं तर चालतं का?

खटपट्या:

पर्समध्ये त्याचा कप्पा वेगळा, आत होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) शिवलेला आणि ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारा. त्या कप्प्यात किल्ली, पेन, लिपबाम काहीही नको. पर्स पेशंटच्या घरी सोफ्यावर ठेवायची सवय असेल तर हा बेत रद्द समजा, तिथे नातवंडं असतात. त्यापेक्षा स्क्रब्जच्या आत बांधायचा रुंद इलॅस्टिकचा बेली बँड बघा. फक्त ट्रिगरवर कडक कवच असलेलाच घ्या, नुसतं कापड नको.

आणि विकत घेण्याआधी ईझी आणि ४२ दोन्ही भाड्याने घेऊन एकाच दिवशी चालवा, आधी ईझी, मग ४२. उलट केलंत तर हात आधीच दुखरा होऊन दुसऱ्याला न्याय मिळत नाही. शनिवारी लेन मिळायची मारामार, फोन करून जा.