मदत हवी आहे : ओल्ड ट्रॅफर्ड वाढवावं की शेजारी नवं बांधावं? हिशेब जुळत नाहीये

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, प्रश्न लांबलचक आहे. वेळ नसेल तर थेट शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

आमचा मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांचा एक छोटा ऑनलाइन कट्टा आहे. पुढच्या रविवारी तिथे वाद घालायचा ठरलंय : आहे ते मैदान वाढवावं की नवं बांधावं. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला 'आहे तेच वाढवा' ही बाजू आली. मनातून मीही त्याच बाजूचा, म्हणून खूश होतो. पण तीन रात्री आकडेमोड करून बसलोय आणि आता कुठल्याच बाजूचा राहिलेलो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे आमचं घरचं मैदान, १९१० मध्ये उघडलं. पहिल्याच सामन्यात लिव्हरपूलकडून ४-३ असे हरलो, म्हणजे सुरुवातीपासूनच या जागेला आमच्या नशिबाचा अंदाज होता. १९४१ मध्ये बॉम्ब पडले, १९४९ पर्यंत घर नव्हतं. १९९० च्या दशकात उत्तरेचा स्टँड तीन मजली झाला, २००६ मध्ये दोन कोपरे भरले आणि आसनं साधारण ७६ हजारांवर गेली (आता ७४ हजारांच्या आसपास). त्यानंतर मोठं काम काहीच नाही. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर छतावरून पाण्याचे लोट कोसळतानाचे व्हिडिओ जगाने पाहिले. मार्च २०२५ मध्ये क्लबने जाहीर केलं की शेजारीच एक लाख आसनांचं नवं स्टेडियम बांधायचा विचार आहे. आराखडा फॉस्टर अँड पार्टनर्सचा, वर तीन उंच खांब आणि छत्रीसारखं छत, खर्च सुमारे २ अब्ज पौंड. जुनंच वाढवलं तर सुमारे ८७ हजारांपर्यंत जाता येईल, असा आकडा त्याआधी चर्चेत होता.

आता माझा हिशेब. नव्यात २६ हजार आसनं वाढतात. वर्षाला घरचे २५ सामने धरले आणि तिकीट सरासरी ५० पौंड (हे दोन्ही आकडे माझा अंदाज). २६ हजार गुणिले २५ गुणिले ५० म्हणजे ३ कोटी २५ लाख पौंड. आणि २ अब्जांवर ५ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १० कोटी. मुद्दल बाजूलाच. म्हणजे वाढलेल्या खुर्च्या व्याजाचा तिसरा हिस्साही भागवत नाहीत. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं, त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही. त्यावर हे आणखी? आकडा पाहिला आणि मला वाटलं, जिंकलो.

पण मग टॉटनहॅमचे आकडे पाहिले. त्यांनी जुनं व्हाइट हार्ट लेन पाडून त्याच जागी नवं बांधलं, २०१९ मध्ये उघडलं. खुर्च्या ३६ हजारांवरून ६२,८५० झाल्या, म्हणजे पावणेदोन पटीच्या आत. सामन्यांच्या दिवसांची कमाई मात्र वर्षाला साडेचार कोटींच्या आसपास होती ती दहा कोटींच्या वर गेली. आर्सेनलचंही तेच. २००६ मध्ये हायबरी सोडून ते अर्ध्या मैलावरच्या एमिरेट्समध्ये गेले आणि पहिल्याच वर्षी कमाई दुप्पट. म्हणजे खुर्च्या मोजून हिशेब लागतच नाही, असं दिसतंय. मग मोजायचं काय?

दुसरी अडचण मधल्या काळाची. आहे तेच वाढवायचं म्हणजे खेळत खेळत बांधायचं. नवं शेजारी बांधलं तर आपण जुन्यात निवांत. टॉटनहॅमला पावणेदोन हंगामांच्या आसपास वेम्बलीत काढावे लागले. बार्सिलोना २०२३ मध्ये स्वतःचं कॅम्प नोऊ कामासाठी सोडून माँटजुइकच्या मैदानावर गेली, वर्ष-सव्वा वर्षात परतायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात कॅम्प नोऊचं दार उघडायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. आणि तेव्हाही काम अर्धवटच होतं. संक्रमण शिबिरात गेलेला माणूस कधी परततो हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तेव्हा जाणकारांनी मदत करावी. एक, माझ्या हिशेबात नेमकं काय सुटलंय? दोन, खेळ चालू ठेवून स्टँड बांधतात तेव्हा खरंच किती नुकसान होतं?

'भावना' या मुद्द्यावर मला मदत नको. तो मी रडून मांडू शकतो.

प्रतिसाद १

मी बांधकामातला, फुटबॉलमधला नाही. दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

लिव्हरपूलचा मेन स्टँड बघा. जुना स्टँड चालू ठेवून त्याच्या मागे नवा सांगाडा उभा केला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात जुन्याचं छत उतरवून दोन्ही जोडले. साडेआठ हजार खुर्च्या वाढल्या, आणि बांधकाम चालू असतानाही सामने अॅनफिल्डवरच झाले. पण यासाठी मागे जागा लागते. तुमच्या दक्षिण स्टँडच्या (बॉबी चार्ल्टन स्टँड) मागे रेल्वेमार्ग आहे, त्यापलीकडे घरं. एकाच मजल्याचा तो एकटा स्टँड आहे, त्यामुळे वाढीची खरी जागा तिथेच, आणि तिथेच गळ्यात हाड. रुळांवर बांधायचं तर गाड्या बंद ठेवण्याचे तास मिळवावे लागतात. ते रात्रीचे आणि रविवारचे मिळतात, एकदम नाही.

दुसरं, वर मजला चढवला की प्रेक्षक मैदानापासून लांबही जातो आणि उंचही. मागच्या माणसाची नजर मैदानाच्या जवळच्या कडेवर पडते तेव्हा ती रेघ पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, त्यावर उतार ठरतो. ९ सेंटिमीटर म्हणजे चांगलं, ६ म्हणजे कसंबसं. जुन्या स्टँडवर नवा मजला बसवताना हे अंतर राखायला चढण फार तीव्र करावी लागते. नव्या मैदानात हे पहिल्या ओळीपासून आखता येतं. म्हणून ८७ हजार हा आकडा कागदावर सुंदर दिसतो, खुर्चीवरून दिसेलच असं नाही.

प्रतिसाद २

आर्सेनलवाला आहे, तेव्हा माझ्याकडून फुकट सल्ला घ्या.

हायबरी वाढवता येतच नव्हतं. पूर्वेचा स्टँड वारसा यादीत, भोवती घरं. म्हणून हललो. ३८ हजारांवरून ६० हजारांवर. कमाई दुप्पट झाली हे खरं, पण २००५ ते २०१४ आमच्याकडे एकही मोठी ट्रॉफी आली नाही आणि दर उन्हाळ्यात चांगला खेळाडू कुणाला तरी विकला. सगळा दोष स्टेडियमचा म्हणणार नाही, पण कर्जाचा हप्ता आधी आणि स्ट्रायकर नंतर, हे वर्षानुवर्षे पाहिलंय.

तुमच्या हिशेबात मला दिसणारी चूक ही : आम्ही आणि टॉटनहॅम छोट्या घरातून मोठ्या घरात गेलो. तुमचं घर आधीच मोठं आहे. ७४ वरून १०० म्हणजे ३५ टक्के वाढ. आमचे आकडे उचलून तुमच्यावर चिकटवू नका. मोजायचंच तर खुर्च्यांचे प्रकार मोजा. आदरातिथ्याच्या पाहुण्यांची (खाण्यापिण्यासकट विकली जाणारी महागडी) एक खुर्ची साध्या कितीतरी खुर्च्यांइतकं कमावते. तुमच्याकडे त्या पुरेशा नाहीत हे खरं कारण आहे, एक लाख हा आकडा फक्त मथळ्यासाठी आहे.

प्रतिसाद ३

वरच्या मुद्द्याला धरून. आदरातिथ्याच्या खुर्च्या वाढवल्या तर त्या कुणाच्या जागी येणार? २०२४-२५ च्या हंगामाच्या मध्येच युनायटेडने सदस्यांसाठी उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांना केली, लहान मुलं आणि ज्येष्ठांची सवलतही काढून टाकली. जो क्लब आहे त्या मैदानात असं करतो, तो २ अब्जांच्या कर्जानंतर स्वस्त तिकीट ठेवेल यावर विश्वास ठेवायला मी बसलेली नाही. धागाकर्त्याने सरासरी ५० धरलेत. तुम्हीच विचारा की त्या सरासरीत सर्वात स्वस्त तिकीट कितीला पडतं आणि अशी तिकिटं किती आहेत. चाहत्यांच्या बाजूने एवढाच आकडा महत्त्वाचा.

आणखी एक. जागा बदलणं धोक्याचं नसतं, मैदानाची मालकी जाणं धोक्याचं असतं. कॉव्हेंट्री सिटीने २००५ मध्ये स्वतःचं हायफिल्ड रोड सोडून नवं स्टेडियम धरलं, ते त्यांच्या मालकीचं नव्हतं. पुढे भाड्यावरून बिनसलं आणि घरचे सामने कधी नॉर्थॅम्प्टनला, कधी बर्मिंगहॅमला खेळावे लागले. वेस्ट हॅमने २०१६ मध्ये ऑलिम्पिकचं स्टेडियम ९९ वर्षांच्या कराराने घेतलं, भाडं स्वस्त पडलं, पण प्रेक्षक आणि मैदान यांच्यातलं अंतर बघून लोक अजून चिडतात. आणि विम्बल्डनच्या फुटबॉल क्लबचं तर काय सांगू, २००३ मध्ये क्लब मिल्टन कीन्सला नेला तेव्हा चाहत्यांनी आधीच दुसरा क्लब काढला होता, तो २०२० मध्ये विम्बल्डनमधल्या प्लॉ लेनला परत आला. तुमचं प्रकरण यातलं नाही. शेजारच्या जमिनीवर बांधणं म्हणजे स्थलांतर नव्हे, उगाच घाबरू नका.

धागाकर्ता

तिघांचेही आभार. रेल्वेमार्गाचा मुद्दा मी वाचला होता पण गांभीर्याने घेतला नव्हता.

प्रतिसाद १ मुळे मी एक गणित उलट्या बाजूने केलं. समजा एक स्टँड दोन हंगाम बंद ठेवावा लागला आणि १५ हजार खुर्च्या गेल्या. १५ हजार गुणिले २५ सामने गुणिले २ वर्षं गुणिले ५० पौंड म्हणजे पावणेचार कोटी. मला वाटत होतं की मधल्या काळाचं नुकसान हाच जुन्याच्या विरोधातला सर्वात मोठा मुद्दा. २ अब्जांपुढे हे चिल्लर आहे. (पाहुण्यांच्या महागड्या खुर्च्या गेल्या तर वाढेल, मान्य.) म्हणजे माझ्या स्वतःच्या बाजूला मदत झाली, पण कारण वेगळंच निघालं.

मधल्या काळावरून एक गंमत. बॉम्ब पडल्यावर आम्ही शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या 'मेन रोड' या मैदानावर खेळलो, आणि १७ जानेवारी १९४८ ला आर्सेनलविरुद्ध ८३,२६० लोक आले. इंग्लिश लीगमधल्या एका सामन्याची ती सर्वाधिक गर्दी. आपल्या घरच्या सामन्याचा सर्वात मोठा विक्रम शेजाऱ्याच्या अंगणात! रविवारी हे नक्की सांगणार, कुठल्या बाजूने उपयोगी पडेल ते अजून ठरवलेलं नाही.

प्रतिसाद ४

उशिरा आलो. सगळे मोठं-मोठं बोलताहेत म्हणून इटलीच्या युव्हेंटसचं उदाहरण टाकतो. देल्ले आल्पी हे १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेलं सुमारे ६९ हजारांचं मैदान. धावपट्टीमुळे सगळं लांब आणि सामन्यांना रिकाम्या खुर्च्या. त्यांनी ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये सुमारे ४१ हजारांचं बांधलं. लहान, स्वतःच्या मालकीचं आणि भरलेलं. तुमच्या चर्चेत 'किती मोठं' हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही, सरळ एक लाख धरून बसलेत.

स्पेनमधल्या बिल्बाओच्या क्लबचंही बघा. जुन्या सान मामेसला चिकटूनच नवं उभं केलं आणि २०१३-१४ चा हंगाम तीन बाजूंच्या मैदानात खेळले, कारण चौथी बाजू जुन्याच्या जागेवरच यायची होती. तात्पुरत्या घराची गरज जवळजवळ पडलीच नाही. तुमच्याकडे हे जमेल का ते प्रतिसाद १ वाले सांगतील.

प्रतिसाद १ (पुन्हा)

जमेल की नाही हे जमिनीवर अवलंबून. शेजारी बांधायचं म्हणजे रेल्वे मालवाहतुकीच्या टर्मिनलची जमीन लागते, आणि २०२५ मध्ये तिथेच घोडं अडलं होतं. जमीन हातात नसताना छत्रीचं चित्र दाखवणं सोपं असतं. 'नवं बांधा' म्हणणाऱ्याला रविवारी पहिला प्रश्न हाच विचारा : जमीन कुणाची?

धागाकर्ता

विचारतो. आणि माझी बाजू आता अशी मांडतोय : आधी दक्षिणेच्या रेल्वेमार्गाचा खर्च मांडा, सर्वात स्वस्त तिकिटाचा आकडा लेखी द्या, मगच जुनं पाडायचं बोला. 'वाढवाच' असं छातीठोक म्हणणं मला आता जमणार नाही, चिठ्ठी काहीही सांगो.

एक राहिलं. दक्षिण-पूर्व कोपऱ्यावरचं म्युनिकचं घड्याळ. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकमध्ये आमच्या संघाच्या विमानाला अपघात झाला, त्याच्या स्मरणाचं. नवं झालं तर ते कुठे लावतील याबद्दल कुणी काही वाचलंय का? भावनेवर मदत नको म्हणालो होतो, पण हे खरंच माहीत करून घ्यायचंय.